चपला काढून या

२०२२ सालच्या जानेवारीत मी जुळे सोलापुरात युवराजच्या बागेत आले. मित्रांनो, दिसायला मी लाकडी असले तरी खऱ्या लाकडाची नाही. लाकडाचा भुसा आणि जुने प्लास्टिक एकत्र वितळवून कारखान्यात माझी फळी काढली. मला वाळवी लागत नाही, माझे कुसळ कोणाच्या पायात जात नाही, याचा मला फार तोरा होता.

दुकानात दोन नमुने होते. युवराजची बायको सृष्टी फिक्या रंगाची फळी घ्यायला सांगत होती. युवराजने मला, गडद कॉफी रंगाच्या फळीला, उचलले.

"फिका रंग लगेच मळतो. ही बघ, कशी भारी दिसते."

त्या गारेगार दुकानात मीही त्याच्या हाताला गारच लागले.

शाकीर मिस्त्रीने बागेत लोखंडी सांगाड्यावर आम्हां सगळ्या बहिणींना शेजारी शेजारी बसवून बसा-फिरायचा ओटा केला. सगळ्यांत उन्हाची जागा माझ्या वाट्याला आली. पाहुणे येत, हात फिरवत, वाखाणत. आमच्यावर चरे पडू नयेत म्हणून युवराजने पायरीशी पाटी लावली : चपला काढून या.

त्याची आई बजाबाई टेंभुर्णीची. साखरेच्या आजाराने त्यांचे तळवे बधिर झाले होते. अनवाणी चालू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"मला चपला असू दे की रं. पायाला काय कळत न्हाय माज्या," त्या म्हणाल्या.

"आई, घरात फिरतेसच की अनवाणी. हेही घरच समज. आपणच चपला घातल्या तर पाहुणे कशाला काढतील?"

लेकाची हौस त्यांना मोडवेना. त्यांनी मुकाट्याने चपला पायरीशी ठेवल्या.

एप्रिलात त्यांनी माझ्यावर जुने धोतर अंथरून कुरडया वाळत घातल्या. भर दुपारी वावटळ उठली. बजाबाई लगबगीने आल्या. तेवढ्या घाईतही पायरीशी चपला काढल्या आणि माझ्यावर उभ्या राहून कुरडया गोळा करू लागल्या. सकाळपासूनचे ऊन माझ्या अंगात साठले होते. दुसरे कोणी असते तर ओरडून पळाले असते. त्या उभ्याच राहिल्या. मित्रांनो, मी त्यांना भाजत होते आणि त्या मला म्हणत होत्या, "बाई, तुज्यामुळं एक बी कुरडई मातीत गेली न्हाय."

संध्याकाळी सृष्टीने त्यांच्या तळव्यांचे फोड पाहिले आणि रिक्षा बोलावली.

दुसऱ्या दुपारी युवराजने माझ्यावर हात टेकला आणि झटक्याने काढला. मग पुन्हा टेकला आणि दात आवळून तसाच धरून ठेवला. शाकीरला फोन केला, तर तो म्हणाला, "जानेवारीत बसवलं की भैया. उन्हात कसं तापंल, तुमीबी बघितलं न्हाय, मीबी न्हाय." युवराजने फोन ठेवला. त्याने पाटी उपटून टाकली.

बजाबाईंची जखम पावसाळाभर चिघळली. पायाची एक करंगळी गेली. आता त्या बूट घालून माझ्यावर फिरतात. "मडमीण झाले की मी," असे सुनेला म्हणतात. सृष्टीने माझ्यावर जुईचा मांडव चढवला. शाकीर नमुना उन्हात तापवून मगच गिऱ्हाइकाच्या हातात देतो. युवराज आईचे बूट स्वतः पायरीशी आणून ठेवतो, पण तिच्या पायांकडे बघत नाही.

आणि मी? अजूनही कोणी माझा रंग वाखाणला की चिरून जावेसे वाटते. मित्रांनो, मला घ्यायचे तर खुशाल घ्या. पण आधी भर उन्हात माझ्यावर हात ठेवून पाहा. आणि माझ्यावरच्या चऱ्यांची काळजी करण्याआधी, माझ्यावरून कोणाचे पाय चालणार आहेत ते आठवा.