दोन बायकांची एक बंदूक

घाबरू नका मित्रांनो, मी आत्ता रिकामी आहे. मी एक जुनी कार्बाईन, म्हणजे आखूड नळीची, हलकी बंदूक. माझ्या पोटाखाली एक कडी आहे. ती खाली ओढून परत वर आणली की रिकामं टरफल बाहेर उडतं आणि नवं काडतूस नळीत बसतं. या एवढ्याशा कडीवरून माझ्या आयुष्यात केवढं रामायण झालं, ते आज सांगणार आहे.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यातला. माझा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता एका बाईने घासून गुळगुळीत केला. शेवटचा हात फिरवून ती म्हणाली, "झालीस बघ देखणी!" खोटं कशाला सांगू, मी पुष्कळ दिवस त्याच तोऱ्यात होते.

तो तोरा ऑरिनने उतरवला. ऑरिन अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये कालव्याचा राखणदार होता. त्याने मला विकत घेतलं, पिकअप गाडीच्या सीटमागे ठेवलं आणि खुशाल विसरला. सात वर्षं! माझ्यावर धूळ साचली, कॉफी सांडली, एकदा तर अर्धं सँडविच माझ्या चापाशी वाळून कडक झालं. नळीला गंज चढला. वाटेत विषारी साप आडवा आला तरी हा गृहस्थ फावडं उचलायचा. मी मागे आहे हे त्याच्या गावीही नसायचं. बंदुकीला याहून मोठा अपमान नाही. शेवटी नोकरी संपवून तो गावात राहायला गेला आणि मला लोवेलच्या दुकानात विकून मोकळा झाला.

लोवेल चारा, खिळे, गमबूट आणि बंदुका एकाच छपराखाली विकायचा. माणूस भला. त्याने माझा गंज काढला, तेल दिलं आणि मला भिंतीवर टांगलं. माझ्या बरोबर खाली, काचेच्या कपाटात, एक कोरा मॅग्नम, म्हणजे जबर दणक्याचा, रिव्हॉल्व्हर बसलेला असे. चकचकीत आणि भलताच आगाऊ. आम्हा दोघांना काडतूस एकच लागतं. म्हणजे एका ताटात जेवणारे, पण पटायचं मात्र काडीचं नाही.

"तुला धरायला दोन हात लागतात," तो म्हणायचा. "मी कमरेला असतो. माणूस कुंपण दुरुस्त करो नाहीतर मेंढी सोडवो, मी सोबत."

"आणि शत्रू साठ पावलांवर असला की?" मी विचारायची. मग तो आपल्या चकाकीचं कौतुक सुरू करायचा.

अशात मार्च महिन्याच्या एका सकाळी दोन बायका दुकानात शिरल्या. एक माइते इरिगोयेन. साठीची, नवरा वारलेली, बोलणं मऊ. दुसरी तिची नणंद ग्राशी. लग्न केलेलं नाही आणि बोलणं अजिबात मऊ नाही. बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याशी दोघी मिळून दोनशे मेंढ्या सांभाळत होत्या. मागच्या वसंतात कायोटींनी त्यांची एकोणीस कोकरं पळवली होती. कायोटी म्हणजे लांडग्याचा धाकटा, पण लबाडीत थोरला भाऊ. माइतेच्या नवऱ्याची मोठी रायफल घरात होती, पण ती उडवली की या बायकांचा खांदा आठवडाभर ठणकायचा.

"यंदा पुन्हा तेच झालं तर मुलगा ईस्टरला येऊन मेंढ्या विकणार," माइते लोवेलला म्हणाली. "आम्हा दोघींना बिलिंग्ज शहरात नेणार. खिडकीतून गाड्यांचं पार्किंग बघत बसायचं का रे मी आता? नाही जमायचं मला. मरूनच जाईन."

"मरत नाहीस इतक्यात," ग्राशी म्हणाली. "लोवेल, तो रिव्हॉल्व्हर काढ."

"मला ती वरची हवी," माइते माझ्याकडे बघत म्हणाली.

"वहिनी, कोकरू ओढून काढताना दोन्ही हात कोपरापर्यंत मेंढीत असतात. तेव्हा ही काय तोंडात धरणार आहेस?"

दुकानातले लोक फिदीफिदी हसले. भांडण मिटेना. तेव्हा लोवेलने तोड काढली. रविवारी चर्च झाल्यावर आम्हा दोघांना घेऊन तो स्वतः त्यांच्या घरी येणार होता. बदल्यात त्याला लोखंडी भांड्यात भाजलेला पाव आणि कोकराचा रस्सा मिळायचा होता. मला वाटतं, लोवेलचं अर्धं लक्ष त्या पावाकडेच होतं.

मातीच्या उंच बांधासमोर रिकामे डबे मांडले. साठ पावलांवरून माइतेने मला खांद्याला लावलं आणि पहिल्याच गोळीला डबा उडवला! मी हरखले. त्यांचा पांढरा केसाळ कुत्रा झुरी जवळच पडला होता. त्याने डोळा उघडला, जांभई दिली आणि पुन्हा मिटला. माझी नळी आखूड असली तरी रिव्हॉल्व्हरच्या नळीहून लांब, तिच्यात आमच्या काडतुसाचा आवाज मवाळ होतो, त्यामुळे त्याला त्रास झाला नाही.

पण मग घोटाळा झाला. माइतेने माझी कडी ओढली ती इतक्या हळुवारपणे की अर्ध्यातच थांबली. आमच्या जातीच्या बंदुकीला हे चालत नाही. कडी शेवटपर्यंत ओढावी लागते, तीही झटक्याने. काडतूस आत वाकडं अडकलं आणि मी लाजेने चूर झाले.

"पाळणा हलवतेस का गं वहिनी?" ग्राशी ओरडली. "कायोटी काय तोवर भजन म्हणत बसणार आहे?"

मग तिने रिव्हॉल्व्हर उचलला. दहा पावलांवरचा डबा तिनेही पाडला. पण आवाज! आगीचा लोळ निघाला, कान बधिर झाले, लोवेलच्या हातातला पाव खाली पडला. झुरी शेपूट घालून पळाला तो जुन्या मेंढपाळी घरगाडीखाली जाऊन बसला.

"येईल संध्याकाळपर्यंत," ग्राशी म्हणाली.

अडकणारी बंदूक कोण घेईल? रिव्हॉल्व्हर तिच्या कमरेला बसला आणि मी परत भिंतीवर आले. रात्रभर ते माझ्या मनाला लागून राहिलं होतं.

पुढचं मला लोवेलच्या गिऱ्हाइकांच्या गप्पांतून कळलं. झुरी संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, पण ग्राशीच्या कमरेचा पट्टा दिसताच पुन्हा गाडीखाली. हाडाला भुलला नाही, पावाला भुलला नाही. आणि मित्रांनो, मेंढ्यांची खरी राखण बंदूक करत नाही, कुत्रा करतो. कुत्रा कळपात नाही हे कायोटींना दोन दिवसांत कळलं. आठवड्यात पाच कोकरं गेली.

ईस्टरला दहा दिवस उरले असताना ग्राशी एकटीच दुकानात आली. तिने रिव्हॉल्व्हर काउंटरवर आपटला.

"हा घे तुझा तोफखाना. ती भिंतीवरची दे. आणि लोवेल, वहिनीला सांगशील की मी आपणहून बदलायला आले, तर खबरदार!"

"ग्राशीमावशी," लोवेल हळूच म्हणाला, "वहिनी बाहेर गाडीतच बसली आहे. खिडकीतून बघते आहे."

ग्राशीने मागे वळून पाहिलं. माइतेने हात हलवला. ग्राशीचा चेहरा टोमॅटोसारखा झाला, आणि माझा आनंद पोटात मावेना.

घरी जाताच ग्राशी आपल्या चांगल्या स्कर्टची पर्वा न करता चिखलात पालथी पडली आणि गाडीखाली डोकं घालून म्हणाली, "ये रे राजा, गेला तो मेला रिव्हॉल्व्हर! चुकलं माझं. ये ना." अख्ख्या तालुक्यात जिने कुणाची माफी मागितली नव्हती तिने कुत्र्याची मागितली. झुरीने तिचा कान चाटला आणि तो बाहेर आला.

मग मला चालवायची माइतेची शिकवणी सुरू झाली.

"जोरात ओढ, वहिनी!"

"मोडेल गं."

"मोडत नाही. माझा राग आला की दार कसं आपटतेस? तशी ओढ."

"तुझा कुठला राग आठवू? एक आहे का?"

"माझ्या भावाच्या लग्नात मी काळे कपडे घालून आले होते, तो आठव."

माइतेचे ओठ घट्ट झाले. खाडकन! टरफल हातभर उडालं आणि नवं काडतूस सुतासारखं सरळ बसलं. पस्तीस वर्षांचा राग माझ्या चांगला कामी आला. दोघी इतक्या हसल्या की माइतेला मला खाली ठेवावं लागलं.

चार दिवसांनी पहाटे उजाडताना ते आले. एक कायोटी झुरीला भुलवून ओढ्याकडे घेऊन गेला आणि दुसरा दुसऱ्या बाजूने कळपात घुसला. माइते मला घेऊन धावली. पण चाप ओढायची तिने घाई केली नाही. कायोटी कळपापासून वेगळा होऊन मातीच्या बांधासमोर येईपर्यंत ती थांबली, कारण चुकलेली गोळी बांधातच जिरायला हवी. पहिली गोळी चुकली, धूळ उडाली. कडी खाडकन! दुसऱ्या गोळीला तो आडवा झाला. ओढ्याकडून झुरीने एकदा मागे वळून पाहिलं. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. पण तो पळाला नाही. भुंकत भुंकत त्याने भुलवायला आलेल्या कायोटीला डोंगरापार घालवलं.

ईस्टरला माइतेचा मुलगा आला, नाव त्याचं बेन्यात. कोकरं पाहिली, मध्ये पसरलेला झुरी पाहिला. नुकसान पाचच्या पुढे गेलेलं नव्हतं. तरी त्याच्या कपाळावरची आठी जाईना.

"आई, तुम्ही दोघी रश्श्यातल्या मिठावरून भांडता. आणि घरात ही बंदूक? मला झोप कशी लागेल?"

हे त्याने खरंच काळजीने विचारलं. मग ग्राशी उठली. तिने मला पोलादी कपाटात ठेवून कुलूप लावलं, चावी स्वतःच्या गळ्यात घातली आणि काडतुसांचा डबा माइतेच्या हातात दिला.

"आता बोल," ती भाच्याला म्हणाली. "एकमेकींना विचारल्याशिवाय आमच्यातल्या कुणालाच ती वापरता यायची नाही."

बेन्यात बराच वेळ हसत होता. मेंढ्या विकण्याचा विषय त्याने काढला नाही, आणि रश्श्याला मीठ कमी आहे हेही बोलला नाही.

आता या गोष्टीला आठ वसंत झाले. माझ्यावर दर रविवारी तेलाचा हात फिरतो. एकदा पत्त्यांत लबाडी केली म्हणून दोघींनी तीन दिवस अबोला धरला होता. चौथ्या सकाळी डोंगरावर कायोटी ओरडला. माइते काडतुसं घेऊन ग्राशीच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "चावी." आतून आवाज आला, "आधी कॉफी." कॉफी होईतो झुरीने आपलं काम केलेलं होतं. मला कपाटातून बाहेर काढायची वेळच आली नाही, आणि त्या दोघी मात्र दुपारपर्यंत बोलत बसल्या.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. माझ्यासारखी कुणी घरात दिसली तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. आणि तुम्ही मोठे झालात की आम्हाला कोरडं ठेवा, तेल द्या, कुलूप लावा. पण चावी आणि काडतुसं एकाच माणसाकडे ठेवू नका. रागावलेल्या एकट्या माणसाच्या हाती मी लागता कामा नये. दोघांनी आधी एकमेकांशी बोलावं आणि मगच मला बाहेर काढावं. बहुतेक वेळा बोलणं झालं की माझी गरजच उरत नाही, आणि खरं सांगते, मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही.