सासूच्या हातची चव

बत्तीस वर्षं दर रविवारी असुंता पहाटे उठून ब्राचोले करायला घ्यायची. मांसाच्या पातळ कापांत लसूण, चीज, मनुका भरायची, गुंडाळून दोऱ्याने बांधायची आणि दुपारपर्यंत टोमॅटोच्या रश्शात मंद आचेवर शिजवायची. आणि दर रविवारी तिचा नवरा चिरो पहिला घास घेऊन म्हणायचा, "बरं झालंय, पण आईच्या हातची सर नाही." सासू तर तिच्या गाठींना नावं ठेवत ठेवतच वर गेली होती.

काल म्हातारा खाटीक सबातो सहज बोलून गेला, "तुमच्या सासूबाईंना एवढा उरक कुठला? भरून, बांधून मीच द्यायचो. त्या नुसत्या रश्शात सोडायच्या."

असुंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याच्याकडूनच आठ ब्राचोले बांधून घेतले आणि आज मुकाट्याने रश्शात सोडले.

चिरोने घास घेतला, मान हलवली. "आईच्या हातची सर नाही."

असुंताने खाटकाचा रक्ताळलेला कागद त्याच्या ताटाशेजारी आपटला.

"हा घे तुझ्या आईचा हात. तिलाही सबातोच बांधून द्यायचा, आजचेही त्याचेच आहेत. पुढच्या रविवारी जेवायला त्याच्याकडेच जा."