कडी काढलेलं दार

"दाराला कडी लावता का हो बाई?"

"लावते की! पोरांचा हात पोचू नये म्हणून वर ठोकून घेतलीया. आजपातुर एक पोर भाईर गेलं न्हाय, सायेब."

नजीरानं हे अभिमानानं सांगितलं. आपलं काम बघायला सरकारी माणूस आला, याचाच तिला आनंद झाला होता.

"जेवण देता?"

"आया भाकरी देत्यात. कमी पडलं तर मी घालते."

"दुपारी झोपवता?"

"न झोपून जात्यात कुठं!"

त्र्यंबकरावांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे हे पाळणाघर झालं. परवाना नाही. बंद करा."

नजीराच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. तिला ते आवरायला वेळ लागला.

१९७९चा मे महिना. शिरोलीत हायवेला लागून तिची पत्र्याची शेड. रस्त्यापलीकडच्या फौंड्रीत बाया ओतकामाची वाळू चाळायच्या आणि त्यांची पोरं इथं. शाळा असली की शाळा सुटल्यावर, सुट्टीत दिवसभर. दोन वर्षांमागं बायडाबाईचा ज्ञानू आईची वाट बघत रस्त्याच्या अलीकडं उभा होता. आई गेटातून बाहेर पडलेली दिसली आणि तो धावला. ट्रक थांबलासुद्धा नाही. तेव्हा कुठल्याही ऑफिसातून कुणी चौकशीला आलं नव्हतं. बायडाबाई तेरावा उरकून पुन्हा वाळूला लागली. तिच्या शेजारी चाळण धरणाऱ्या नजीरानं मात्र चाळण टाकली आणि ही शेड उभी केली.

"परवाना काढते की. काय लागतं?"

पक्की इमारत लागते, कंपाउंड लागतं, दोन संडास लागतात, मॅट्रिक झालेली बाई लागते. ज्यांच्याकडं हे सगळं असतं त्यांची पोरं रस्त्यावर नसतातच.

"गावात क्लबात मोठ्या लोकांची पोरं पोहायला, चित्रं काढायला जात्यात उन्हाळ्यात. त्यांचा बघितला परवाना?"

"ती सभासदांची संस्था. त्यांना सूट आहे."

"आमाला न्हाय?"

त्र्यंबकराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "आहे. कडी काढा. पोरं मनाला येईल तेव्हा येतात, जातात, असं असलं तर हे नुसतं खेळायचं ठिकाण. मग परवाना नको."

"अन् हायवे?"

"हायवे आमच्या खात्यात येत नाही."

संध्याकाळी बायडाबाई धाकट्या सगुणाला कडेवर घेऊन उभी राहिली. "भाभी, बंद करू नगंस. काढ ती कडी. न्हायतर हीबी ज्ञानूगत रस्त्यावर हुबी ऱ्हाईल."

नजीरानं कडी उचकटली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती उंबऱ्यावर बसली. पाठ चौकटीच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. दार सताड उघडं, मध्ये नजीरा.

ती उठली नाही. पोरांनी आपापली फडकी सोडून भाकऱ्या खाल्ल्या, भांडली, रडली. कुणी तिच्यावरून उडी मारायला गेलं की ती हात घालायची. पत्रा तापला. गुडघे दगड झाले.

भर दुपारी त्र्यंबकराव आले.

"उगडं हाय, सायेब. या की आत."

"तुम्ही उठल्याशिवाय कसा येऊ?"

"उठायचं न्हाय मला."

साहेबांच्या मागून ट्रक गेला. हॉर्न ऐकून सगुणा दाराकडं पळाली. मागं न बघता नजीरानं तिचा परकर मुठीत धरला आणि नजर साहेबांवरच ठेवली. साहेबांनी खाली बघितलं. "उघडं आहे," एवढंच पुटपुटले आणि सायकलवर बसले.

भोंगा झाला. बाया आल्या, पोरं घेऊन गेल्या. नजीराला उठता येईना. बायडाबाईनं काखेत हात घालून तिला उभं केलं, तेव्हा तिचं लुगडं मागून ओलं होतं. उंबराही.

नजीरानं तोंड फिरवलं.

बायडाबाईनं माठातलं पाणी घेऊन उंबरा धुतला, रोज धुवावा तसा. मग म्हणाली, "उद्या मी बसू?"

"तुझा खाडा पडंल. कामावरनं काढतील."

"मग कुठवर असं?"

जून तोंडावर होता. शाळा सुरू झाल्या तरी दुपारनंतर पोरं येणारच होती.

सकाळी भोंग्याआधी नजीरा आली. वाळूचं एक रिकामं पोतं तिनं झटकलं, चौघडी करून उंबऱ्यावर टाकलं, आणि दोन्ही पाय चौकटीच्या समोरच्या बाजूला लावून बसली. आदल्या रात्रीपासून तिनं पाण्याला तोंड लावलं नव्हतं.