अनुजाच्या गालातून निघालेलं हाड

उचगावच्या त्या मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. "ना चिरा, ना टाका! हाडाची गाठ शोषून भाईर!" हाडकेबाबा गरजले, की बायाबापड्या हात जोडत. बाबांच्या तोंडात पानाचा तोबरा कायम. देवीला विडा लागतो म्हणे!

अनुजा पुढे सरकली. तिच्या डाव्या कानापुढे, जबड्याच्या सांध्यापाशी हाडाची गाठ वाढत होती. हनुवटी उजवीकडे सरकली होती, दातावर दात बसत नव्हता. डॉक्टर इरावतींनी सांगितलं होतं, "कर्करोग नाही, पण वाढत राहील. ऑपरेशन करून काढू. तिथून चेहऱ्याची नस जाते, ती जपावी लागेल." अनुजानं 'नस' तेवढं ऐकलं आणि तिची बोबडी वळली. चेहरा लुळा पडला तर? म्हणून आई तिला इथं घेऊन आली होती.

बाबांनी तिच्या गालाला तोंड लावलं, जोरात शोषलं आणि तबकात तांबडी पिंक टाकली. पिंकेत हाडाचा तुकडा! टाळ्या कडाडल्या. आईला रडू फुटलं. "सुटलीस गं लेकी!"

अनुजानं कानापुढे चाचपलं. गाठ तिथंच होती. तिनं तबकातलं हाड उचलून ओढणीनं पुसलं. पांढरंफेक, गुळगुळीत, कडेला सत्तुराचा घाव. घरी दर रविवारी मटणाचा रस्सा तीच करायची.

"आई, हे बकऱ्याचं हाय. आन शिजलंय की! माझ्या गालात काय चूल पेटलीया?"

"पोरी, देवी कोपंल! तोंड वाकडं हुईल!" बाबांनी दरडावलं.

नेमकी तीच भीती. तरी अनुजा बाबांना बोललीच. "वाकडं हायच. आता पुढच्याला हात लावायच्या आधी तुम्ही आ करा."

बाबांनी ओठ घट्ट मिटले. रांगेत पुढचा नंबर बाळासोचा होता. त्यानं बाबांचे गाल दाबले, तर चोथ्याबरोबर दुसरं हाड टपकन पडलं. गालात हाड लपवायचं आणि रक्त म्हणून विडा थुंकायचा, एवढीच ती विद्या!

मंडप पांगला. अनुजाची भीती मात्र वाढली, कारण आता ऑपरेशन टळणार नव्हतं.

ती इरावतींच्या दवाखान्यात गेली. "डॉक्टर, लई भ्या वाटतंय."

"वाटणारच. काय वाटेल ते विचारा."

तिनं सगळं विचारलं. जे नक्की सांगता येत नव्हतं, तेही इरावतींनी लपवलं नाही.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. अनुजाला शुद्ध आल्यावर इरावती म्हणाल्या, "भुवया उचला. डोळे मिटा. आता हसा." अनुजा भीत भीत हसली. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू हलल्या. आईनं तिचा हात घट्ट धरला.

भीती कुणालाही वाटते, त्यात लाज नाही. पण घाबरलेल्या माणसानं प्रश्नाला उत्तर देणाऱ्याकडे जावं. प्रश्न विचारताच कोपाची धमकी देणाऱ्याकडे नव्हे.