निळ्या शाईचा ळ

मी टाइपरायटर बोलतोय. जुन्या वस्तूंच्या या दुकानात शिलाई मशीन आणि टेबलफॅन यांच्या मधोमध बसलोय. मघाशी तुम्ही एका बोटाने माझ्यावर आपलं नाव उमटवलंत, फोटो काढलात आणि म्हणालात, "किती गोड आहे ना!" राग नाही आला. पण मी गोडबीड नाही हो, मी कामाचा माणूस.

कारखान्यातून निघालो तो थेट पाणीपुरवठा कचेरीत. तिथे टंकलेखिका बाई भेटल्या. सकाळी आल्या आल्या त्या माझी अक्षरं ब्रशने झाडायच्या. 'ठ'च्या पोटात शाई साचली की टाचणीने हलकेच काढायच्या. मग दहा बोटं सुरू. नजर मात्र कायम बाजूच्या मजकुरावर, माझ्याकडे ढुंकूनही नाही. इतका विश्वास माझ्यावर पुन्हा कुणी टाकला नाही.

बाराव्या वर्षी माझा ळ तुटला. मेकॅनिक म्हणाला, "भाग मागवावा लागेल." तो भाग अजून येतोय! आता पाण्याच्या कचेरीत ळ नाही म्हणजे पंचाईतच. पाण्याची वेळ, गळणारे नळ आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी 'कळावे'. पहिल्या दिवशी बाईंनी शक्कल लढवली, 'नळ'ऐवजी 'तोटी' लिहिलं. साहेब कावले.

"अहो बाई, तोटी नाही, अख्खा नळ बदलायचाय!"

"मग ळ आणून द्या, साहेब."

तेव्हापासून बाई तेवढी जागा मोकळी सोडायच्या आणि पेनाने ळ भरायच्या. काळ्या मजकुरात निळा ळ. कार्बनच्या प्रतींवरसुद्धा, एकेक करून. माझं व्यंग त्यांनी कधी कुणाला खुपू दिलं नाही.

निवृत्तीच्या आठवड्यात त्यांनी माझ्यावरच अर्ज टाइप केला, 'सदर यंत्र मला विकत मिळावे.' 'मिळावे'तला ळ भरताना त्यांचा हात जरा थांबला. अर्ज वर गेला आणि वरच राहिला. बाई गेल्या, कॉम्प्युटर आले, मी अडगळीत पडलो. अकरा वर्षं कुणी झाकण काढलं नाही. मग भंगारात निघालो आणि तिथून इथे आलो.

गेल्या महिन्यात एक मुलगी दुकानात आली. कागद घालून तिने 'बाळ' टाइप केलं. 'बा' उमटला, पुढे कोरं. तिने तिथेच फोन लावला.

"आई, याचा ळ उमटत नाही गं."

"मग तोच! सोडू नकोस त्याला."

बाईंचा आवाज! थकला होता, पण त्यांचाच.

"अगं, पण तुला आता नीट दिसतंय कुठे?"

"मी कधी त्याच्याकडे बघून टाइप केलंय?"

मुलगी हसली, डोळे पुसले आणि दुकानदाराला म्हणाली, "काका, आईचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं की तिलाच घेऊन येते. तोवर राखून ठेवा." काकांनी माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली.

त्याला चार रविवार झाले. ऑपरेशनला इतके दिवस लागतात का, मला ठाऊक नाही. वयाचं माणूस, मनात नको नको ते येतं. काल एक कॉफीवाला मला त्याच्या दुकानाच्या काचेत मांडायला मागत होता. काका विसरभोळे, त्याला म्हणाले, "उद्या संध्याकाळी या, बघू." मला काचेत बसून शोभा व्हायचं नाही. एकदा, फक्त एकदा ती दहा बोटं अंगावर हवी आहेत.

तुम्हाला मी आवडलो असेन, तरी मला घेऊ नका. एवढंच करा. टेबलाखाली वाकून पाहा, चिठ्ठी गळून तिथे पडली आहे. ती काकांच्या हातात द्या आणि सांगा, याचं माणूस यायचंय.