माझ्यातले मासे मात्र जिवंत होते

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. सध्या मी रंगाच्या कारखान्यामागे गंजक्या पत्र्यांच्या ढिगाशेजारी पडून आहे. माझा एक कोपरा फुटला आहे आणि पोटात धूळ साचली आहे. इथले कामगार मला 'खोटारडी टाकी' म्हणतात. मी जन्मात कधी खोटे बोलले नाही. माझ्याकडून ते बोलवून घेतले गेले. या दोन्हींत फरक आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मला एका काचकाम करणाऱ्या म्हाताऱ्याने घडवले. सांधे भरून झाल्यावर तो म्हणाला होता, "ही एखाद वेळेस फुटेल, पण गळायची नाही." मला त्याचा फार अभिमान वाटे. कारखान्याने मला आणले ते शोभेसाठी नव्हे. परवान्यातच तशी अट होती. रंगाचे सांडपाणी शुद्ध करायचे, ते माझ्यातून वाहू द्यायचे आणि मगच खालच्या ओढ्यात सोडायचे. माझ्यातले मासे जगले तर ठीक. मेले तर ओढ्याकडची झडप बंद! कागदावर काय, लिहू ते लिहिता येते. माशाला मात्र मेल्यावर जिवंत असल्याचे सोंग आणता येत नाही.

माझी देखभाल पंपघरातल्या पाणीवाल्या काकांकडे होती. रोज सकाळी आल्या आल्या ते माझी काच पुसत. माशांशी गप्पा मारत. इतरांना कोपऱ्यात रेटणाऱ्या एका जाड्या माशाचे नाव त्यांनी 'फौजदार' ठेवले होते. "काय फौजदार, आज कुणाला आत टाकलंत?" असे विचारून स्वतःच हसत. पहिल्या वर्षी दोनदा मासे मेले. दोन्ही वेळा काकांनी कुणालाही न विचारता झडप बंद केली आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. त्या दिवसांत माझ्याइतकी सुखी टाकी जगात दुसरी नसेल.

मग एके दिवशी निळी पिंपे आली. प्रत्येक पिंपावर लाल चौकटीत एक चित्र होते: वाळके झाड आणि मेलेला मासा. मला वाचता येत नाही, पण मासा ओळखता येतो. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी ते नवे द्रावण थेंबाथेंबाने कमी-जास्त करून काचेच्या बरण्यांत मिसळले, प्रत्येक बरणीत दहा मासे सोडले आणि चार दिवस मोजदाद केली. अगदी थोडे थेंब होते त्या बरणीतही निम्मे मासे मेले. मॅडमनी मोठ्या साहेबांना माझ्यासमोरच सांगितले, "सर, हे आपल्या शुद्धीकरणात नष्ट होत नाही. जसंच्या तसं ओढ्यात जाईल. प्रदूषण मंडळाला कळवल्याशिवाय वापरायचं नाही."

"अहवाल ठेवा टेबलावर, बघतो," मोठे साहेब म्हणाले.

त्यांनी काय बघितले कोण जाणे! पुढच्या आठवड्यात मॅडमची बदली गोदामात झाली आणि निळी पिंपे उघडली.

तिसऱ्या दिवशी माझे मासे वर येऊन तोंडे उघडमीट करू लागले. चार जण आडवे झाले. काका धावत आले. झडप बंद करावी, हा त्यांचा धर्म होता. पण फौजदार कलंडायला लागला होता. काकांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी सांडपाण्याची नळी उपसून काढली, ओढ्याकडच्या पाटात टाकली आणि बागेच्या विहिरीची नळी माझ्या पाठीमागे जोडली. गोड, थंड पाणी आत आले. फौजदार सावरला. मित्रांनो, खरे सांगते, मलाही त्या क्षणी हायसे वाटले. झडपेची आठवण आम्हा दोघांनाही राहिली नाही.

संध्याकाळी मोठे साहेब आले. त्यांनी नळी पाहिली, मग मासे पाहिले, आणि हसले. "वा! आता हे असंच राहू द्या."

"साहेब, मी तेवढ्यापुरतं जोडलं होतं. ओढ्यात तेच पाणी चाललंय..."

"जोडलं कुणी?"

"मीच, साहेब."

"मग आता तोंडही तुम्हीच बंद ठेवा."

मला वाटले, काका रात्रभर विचार करतील आणि सकाळी नळी काढतील. सकाळी ते आले, माझी काच पुसली आणि निघून गेले. मूग गिळून बसलेल्या माणसाला मासे काय बोलते करणार!

मंडळाचे तपासनीस तीन महिन्यांनी आले. बाटलीत नमुना घेतला तोही माझ्याच तोटीतून. ते माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "मासे तर चांगलेच गुटगुटीत आहेत हो!" मोठे साहेब म्हणाले, "हातच्या काकणाला आरसा कशाला, साहेब!" तपासनीस जरा वाकले असते तर माझ्यामागची, गुडघ्याएवढ्या उंचीवरची नळी त्यांना दिसली असती. ते वाकले नाहीत. सही केली, चहा घेतला, गेले. काचेला घाम फुटत नाही म्हणतात, पण मला त्या दिवशी फुटला असता.

तरी ते परके होते. खरा घाव पुढे आहे.

काकांची थोरली बहीण ओढ्याच्या खालच्या अंगाला राहत होती. चाळीस बदके पाळून ती पोट भरत होती. उन्हाळ्यात ओढा आटत आला, तेव्हा एका दुपारी ती पंपघरात आली आणि म्हणाली, "धाकट्या, ओढ्याला कसलातरी उग्र वास येतोय. तीन दिवस बदकं खुराड्यात कोंडून ठेवलीत. ओरडून जीव खातात माझा. सोडू का नको? तू सांगशील ते खरं."

तू सांगशील ते खरं! मी जिवाचा कान करून ऐकत होते. आता तरी बोला काका, सख्खी बहीण आहे.

काकांनी माझ्यावर हात ठेवला. रोज पुसायचा तोच हात. "ही बघ ना ताई, आमच्या पाण्यात मासे कसे पळतायत. सोड बिनधास्त."

तिने माझ्याकडे पाहिले, फौजदाराला पाहून हसली आणि निघून गेली. मित्रांनो, कुंपणानेच शेत खाल्ले. आणि ते कुंपण मी होते.

बाराव्या दिवशी ती पुन्हा आली. हातात पाण्याने भरलेला डबा होता. तिच्या पायांवर घोट्यापर्यंत लाल चट्टे उठले होते. तिने आवाज चढवला नाही.

"एकतीस गेली, धाकट्या. उरलेल्यांना उभं राहवत नाही. मी म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल, दाणा खराब असेल. मासे तर जगतायत, मी डोळ्यांनी बघितलेत." तिने डबा पुढे केला. "हे ओढ्याचं पाणी. तुमचंच आहे. ओत तुझ्या टाकीत."

काकांनी डबा घेतला, पण हात वर होईना. तिने तो परत ओढून घेतला आणि माझ्या काठाला टेकवला. तेव्हा काकांनी दोन्ही तळहात माझ्या तोंडावर आडवे धरले आणि ओरडले, "नको ताई! मरतील गं ते!"

तिने डबा काठावरून खाली घेतला.

"आणि माझी?" ती म्हणाली.

पुढे काकांनी मंडळात जाऊन सगळे सांगितले, मॅडमचा अहवाल मिळाला, निळी पिंपे मोहोरबंद झाली. चौकशीच्या धावपळीत माझा कोपरा फुटला. काकांना मी माफ केले का? नाही. त्यांनी खरे सांगितले, पण एकतीस बदकांनंतर.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आमची निगा राखा. मी तसे सांगणार नाही. माझी निगा काय कमी राखली? रोज पुसली जात होते, मासे वेळेवर खात होते. काचेची निगा राखणारे पुष्कळ भेटतात. तुम्हाला कुणी जिवंत मासे दाखवून 'पाणी चांगले आहे' म्हणाले, तर माझ्यासारखीच्या काचेत बघत उभे राहू नका. मागे जा, वाकून नळी कुठून आली ते पाहा, आणि मग खाली ओढ्यावर राहणाऱ्या बाईला जाऊन विचारा.