लाल ठिपक्याबाहेरचं अंडं

आमच्या घरात अंड्याचा संसार वेगळा आहे. तो बाल्कनीत आहे. एका बर्नरची शेगडी, एक पॅन, एक कालथा, दोन ताटल्या, एक चमचा. प्रत्येकाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. हे ठिपके माईने, म्हणजे माझ्या आईने, स्वतःच्या हाताने लावलेले. माझा मुलगा अथर्व दहावीत व्यायामशाळेत जायला लागला आणि अंडी मागू लागला, तेव्हा माईने तहाच्या अटी घातल्या. अंडं घरात येईल, पण स्वयंपाकघरात येणार नाही. ज्याला खायचंय त्याने बाल्कनीत बसून खावं आणि भांडी तिथल्याच नळाखाली धुवावीत. बारा वर्षांत ठिपक्याचं भांडं आत आलं नाही आणि बिनठिपक्याचं बाहेर गेलं नाही. भिवंडीत इतकी वर्षं टिकलेला दुसरा करार मी पाहिलेला नाही. तो मी मोडला.

माझं नाव अवधूत. एका शाळेत हेडक्लार्क आहे. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या अर्जातल्या चुका काढतोय, त्यामुळे स्वतःच्या चुका काढायला वेळ मिळालेला नाही. बायको सुवर्णा सकाळच्या शाळेत शिकवते, ती साडेसहालाच बाहेर पडते. अथर्व वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये रात्रपाळीला असायचा आणि पावणेआठला घरी यायचा. मी सव्वानऊला निघतो. त्यामुळे बापलेकाची गाठ पडायची ती नाश्त्याला. तो बाल्कनीत ऑम्लेट घेऊन बसायचा, मी दाराच्या अलीकडे पोहे घेऊन. फार बोलायचो असं नाही, पण बसायचो.

करार मोडला त्याच्या तीन आठवडे आधी माझा आतेभाऊ दीपेश सहकुटुंब आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने विचारलं, "अथर्व काय करतो रे हल्ली?" आता सरळ सांगायला काय जात होतं? पण चार माणसं जमली की मला विनोद सुचतो, आणि सुचलेला विनोद मला गिळता येत नाही. मी म्हणालो, "गोडाऊनमध्ये खोकी मोजतो." सगळे हसले. अथर्व चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा होता. त्याने एकही कप न हिंदकळवता ट्रे टेबलावर ठेवला आणि आत निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो अंजूरफाट्यावरच्या गाडीवर खाऊन यायला लागला. घरी आला की बूट काढायचा आणि सरळ खोलीत. मी काही विचारलं तर "हो", नाहीतर "नाही". मी दाराच्या अलीकडे एकटाच पोहे खात बसायचो आणि बाल्कनीतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचो.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी सुवर्णाने बातमी दिली. "त्याला नागपूरच्या गोडाऊनला पाठवतायत. उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय. तुम्ही बोललात का त्याच्याशी?"

"काय बोलू?"

"चुकलं म्हणा. एवढं जड आहे का हो?"

होतं. 'क्षमस्व' हा शब्द मी आठवड्यातून चारदा टाइप करतो, पण तो शाळेच्या वतीने. स्वतःच्या वतीने वापरायची सवय नव्हती. तो नागपूरला जाणार याचं काही नव्हतं, बढतीच होती ती. पण माझ्याकडे पाठ फिरवून जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं. आणि ते वाटणं मला झोपू देईना.

शेवटी मी ठरवलं की तोंडाने जमत नसेल तर हाताने करावं. मागे एकदा अथर्वने मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला होता. गरम तव्यावर किसलेलं चीज पसरायचं, त्यावर अंडं फोडायचं, कडांना तपकिरी, कुरकुरीत जाळी पडते. तो म्हणाला होता, "एकदा करून बघू या का बाबा?" त्यावर मी म्हणालो होतो, "अंड्यालाही आता झालर लागते वाटतं." त्या विनोदाला मी एकटाच हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला खाली उतरलो आणि डेअरीतून चीज घेतलं. आमच्या कामतघरच्या कोपऱ्यावर सोमी बसते. वडप्यापलीकडच्या पाड्यावरून ती पहिल्या रिक्षाने येते, पालेभाजी आणि गावठी अंडी घेऊन.

"चार अंडी दे," मी आवाज खाली आणून म्हणालो.

"तुमी? आन् अंडी?" सोमी हसली. "अथर्वसायबासाठी का?"

"तू ओळखतेस त्याला?"

"वळखीन न्हाय तर! माजी मनाली त्याच्याच हाताखाली हाय. तिच्या पायावर पेटी पडली तवा त्यानंच गाडीवर घालून दवाखान्यात नेली. चार दिस घरी बसली तरी पगार कापू दिला न्हाय. वरच्या सायबाशी भांडला तिच्यापायी. तुमाला म्हाईत न्हाय?"

"माहीत आहे ना," मी म्हणालो. खोटं बोलायला मला विनोदाइतकाच कमी वेळ लागतो.

सोमीने पिशवीत पाचवं अंडं ठेवलं. "ह्ये माज्याकडून त्याला."

माई रोज सातला खालच्या गणपतीच्या देवळात जाते आणि पावणेआठला परतते. ती गेली आणि मी बाल्कनीत शेगडी पेटवली. व्हिडिओतली मुलगी म्हणत होती की ही दोन मिनिटांत होणारी अगदी सोपी कृती आहे. तिच्या पॅनचं अस्तर शाबूत असावं. आमच्या पॅनचं अस्तर अथर्व बारावीत असतानाच संपलं होतं. पहिलं अंडं वर आलं, चीज मात्र खालीच राहिलं. दुसऱ्या वेळी मी कालथ्याचा जोर लावला, तेव्हा ओल आलेल्या भिंतीचा पोपडा निघावा तसं काहीतरी निघालं. तिसऱ्या वेळी तेल भरपूर ओतलं, तर अंडं एकीकडे गेलं आणि चीज दुसरीकडे. ती तिन्ही मीच खाल्ली. पुरावा ठेवायचा नाही, हे कार्यालयीन शिस्तीत बसतं.

सात वाजून वीस मिनिटं झाली होती. दोन अंडी उरली होती आणि मूठभर चीज. आणि माझी नजर स्वयंपाकघरात, भिंतीवर टांगलेल्या माईच्या बिडाच्या तव्याकडे गेली.

हा तवा माईने लग्नानंतर पेणच्या बाजारातून आणलेला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. काळा कुळकुळीत, गुळगुळीत. त्यावर तांदळाचं घावन असं सुटतं की उलथायला हात लावावा लागत नाही. गौरीच्या नैवेद्याची घावनंही त्यावरच होतात. त्याच्या बुडाला ठिपका नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण माणसाला अक्कल गहाण टाकायची असली की कारणं सुचतातच. मला वाटलं, तव्याला काय कळतंय?

आतल्या गॅसवर तवा तापवला. चीज गोल पसरलं. ते चुरचुरलं, त्याला बुडबुडे आले. मधे दोन्ही अंडी फोडली, मिरपूड टाकली आणि आच बारीक करून हात बांधून उभा राहिलो. कडा आधी सोनेरी झाल्या, मग तपकिरी, आणि थोड्या वेळाने सगळं प्रकरण आपणहून तव्यावर सरकलं. खाली जाळी, वर दोन पिवळे बलक, न फुटलेले. मी आयुष्यात इतकं सुंदर काहीही केलेलं नव्हतं, आणि यात अठ्ठावीस वर्षांची सगळी पत्रं धरली आहेत. ठिपकेवाल्या ताटलीत ते काढलं आणि बाल्कनीत झाकून ठेवलं.

राहिला तवा. त्याला वास लागला होता. मी भांडी घासायचा साबण घेतला, तारेची घासणी घेतली आणि भिडलो. काळं पाणी निघायला लागलं. मला वाटलं, केवढा हा मळ! या बायकांनी पन्नास वर्षं तवा नीट घासलासुद्धा नाही! मला तर जोर चढला. दहा मिनिटांत खालून करडं, चकचकीत लोखंड दिसायला लागलं. तवा पुसून जागेवर टांगला आणि लांबून पाहिला. आपण माईवर उपकार केलेत, असं मला मनापासून वाटलं.

अथर्व आला. बूट काढले आणि खोलीकडे वळला.

"थांब जरा," मी म्हणालो. "नाश्ता केलाय."

"खाऊन आलोय."

"ते चीजचं अंडं आहे. तू दाखवलं होतंस ते. जाळी आली आहे."

तो थबकला. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बाहीवर लागलेल्या अंड्याकडे. मग बाल्कनीत जाऊन खुर्चीवर बसला. मी त्याच्यासमोरचं झाकण काढलं. वाक्य मनात तयार होतं. 'त्या दिवशी जे झालं' अशी सुरुवात करायची होती. तोंड उघडलं तेवढ्यात आतून आवाज आला.

"अवधूत!"

माई देवळातून आली होती, घावनाचं पीठ भिजवलेलं होतं, आणि तिने तवा उतरवला होता. ती तो दोन्ही हातांत धरून बाल्कनीच्या दारात आली.

"काय केलंस यावर?"

"अंडं," मी म्हणालो.

"अंडं केलंस ते केलंस. मी मीठ भाजून, धुऊन-पुसून घेतला असता तवा. पण घासलास कशाला? चोपन्न वर्षांत साबण लागला नव्हता याला! रोजच्या तेलाने काळा झाला होता तो. तुला तो मळ वाटला?" माईचे डोळे भरून आले. "आता घावन नुसतं चिकटून बसेल."

मी कान धरले. "माई, चुकलं माझं. खरंच चुकलं. मला कळलं नाही. परत असं नाही होणार."

अथर्वने तोपर्यंत जाळीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला होता. तो खाली बघतच म्हणाला, "बाबा, तव्याची माफी एका दमात मागितलीत."

समोरच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. आता विनोद सुचला असता तर मी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला असता, पण सुचला नाही.

"त्या दिवशी दीपेशसमोर मी बोललो ते वाईट बोललो," मी म्हणालो. "तू काय काम करतोस हे मी कधी विचारलंच नाही. मनालीचं मला आज सोमीकडून कळलं. भाजीवालीला माहीत आणि बापाला नाही. लाज वाटली रे मला."

त्याने आणखी एक तुकडा मोडला. मग म्हणाला, "नागपूरला हो म्हणून टाकलंय मी. काल रात्रीच."

"बढती आहे म्हणून?"

"नाही. इथून जायचं म्हणून."

मला फार वाईट वाटलं. तीन आठवडे हा मुलगा रोज पावणेआठला या दारातून आत येत होता, आणि मला चीज आणायला ती सकाळ उजाडावी लागली होती.

मी दाराच्या अलीकडचा माझा पाट उचलला आणि बाल्कनीत त्याच्या शेजारी टाकला. "तिथे काय काम असेल?"

"खरंच विचारताय?"

"खरंच."

तो सांगायला लागला. रात्रीत ऐंशी ट्रक. कुठला माल कुठल्या दाराने चढवायचा, कुणाची कंबर धरली आहे, कुणाला बसून करायचं काम द्यायचं, कुणाचं मूल आजारी आहे, कोण ड्युटीवर पिऊन आलाय.

"आणि खोकी?" मी विचारलं.

"खोकी मशीन मोजतं, बाबा. मी माणसं बघतो."

बोलता बोलता त्याने ताटली पुसून खाल्ली. मी शाळेत अकरा वाजता पोचलो. हजेरीपटावर माझ्या नावापुढे उशिराचा पहिला शेरा पडला, आणि तो माझ्याच हाताखालच्या शिपायाने आनंदाने हेडमास्तरांना दाखवला.

एक तारखेला अथर्व नागपूरला गेला. माईने मला शिक्षा दिली, ती अजून चालू आहे. रोज सकाळी तवा मंद आचेवर तापवायचा, त्यावर अर्धा कांदा फिरवायचा, तेलाचा हात द्यायचा आणि कापडाने पुसून टांगायचा. एक दिवस चुकला की गंज धरतो. मी हे पावणेआठला करतो. त्याच वेळी नागपूरहून व्हिडिओ कॉल येतो. अथर्वची पाळी संपलेली असते. तो म्हणतो, "बाबा, तवा दाखवा." मी दाखवतो आणि मग विचारतो, "किती ट्रक?"

परवा त्याच्यामागे गोडाऊनमधली पाच-सहा माणसं उभी होती. त्यातल्या एकाने फोनमध्ये डोकावून विचारलं, "कौन हैं, सर?"

"मेरे पिताजी," अथर्व म्हणाला.

"क्या करते हैं?"

अथर्वने माझ्याकडे नीट पाहिलं. "तवा घिसते हैं."

सगळे खो खो हसले. मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर ते दोन-तीन शब्द कानातून जाईनात. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, टेबल, शिक्का, सही, आणि तवा घासतात! दिवसभर शाळेत माझं लक्ष लागलं नाही.

काल पुन्हा पावणेआठला फोन वाजला. या खेपेला त्याच्यामागे कुणी नव्हतं.

"बाबा, परवा लागलं का?"

"लागलं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली.

"बरं," तो म्हणाला. "तवा दाखवा."